पुण्याची पावती
(न्यासाच्या महोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या दिवशी वक्त्याने संस्थेचे गुणगान करावे, देणगीदारांचे आभार मानावे आणि पाने मांडली जाण्यापूर्वी खाली बसावे, असा प्रघात आहे. त्यातील शेवटची गोष्ट आम्ही निश्चित पाळू. गुणगानाच्या जागी मात्र थोडा हिशेब मांडण्याची परवानगी मागतो. हिशेब फार मोठा नाही. तो एका पिशवीचा आहे.

आज स्मरणिकेबरोबर आपणां सर्वांना एक कापडी पिशवी मिळाली आहे. ह्या पिशव्या कोठून घ्याव्यात, असा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे आला, तेव्हा बाजारातील तयार पिशवी स्वस्त पडत होती. जुन्या शहरात गॅसपीडित स्त्रिया शिवणकाम करतात, त्यांच्याकडील पिशवी नगामागे बारा रुपयांनी महाग होती. महोत्सवी वर्षात आपण चांगले ते करावे, असे सर्वानुमते ठरले आणि भाव ठरविण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही तेथे गेलो आणि सवयीप्रमाणे घासाघीस केली. तेथील बाईंनी वाद घातला नाही. एक वही पुढे केली. तीत कापड, दोरा, बंद, शिलाई आणि मशीनची दुरुस्ती असे पाच आकडे लिहिले होते. त्या एवढेच म्हणाल्या, “साब, इसमें से क्या काटूँ?”

आम्हांला काही काटता आले नाही. पूर्ण भावाने पिशव्या घेतल्या आणि प्रसन्न मनाने परत आलो. हिशेब लिहिण्याची वेळ आली, तेव्हा आम्हीच अशी सूचना केली की, बाजारभावाइतकी रक्कम ‘छपाई व किरकोळ’ खाती घालावी आणि वरचे बारा रुपये ‘गॅसपीडित साहाय्य’ खाती दाखवावेत. म्हणजे पिशवीही झाली आणि धर्मही झाला! सूचना सर्वांना आवडली. त्या रात्री मात्र आम्हांला नीट झोप लागली नाही. शिलाईचे पैसे साहाय्य कसे होतील? ज्या बाईने काम केले तिची मजुरी आपल्या पुण्याच्या खात्यात कशी जमा होईल? आजचा विषय आम्हांला त्या रात्री सुचला. आपण वस्तू विकत घेतो आणि तिच्याबरोबर शुद्ध मनही विकत घेऊ पाहतो. हा सौदा खरा आहे काय, हे पाहावयाचे आहे.

आपल्या भोपाळास हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखेच्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट नावाचा विषारी पदार्थ वायुरूपाने बाहेर पडला. त्या वेळच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग पुढे गॅसबाधित ठरले. जयप्रकाश नगर, छोला, काझी कँप आणि रेल्वे स्टेशनचा परिसर ह्या गरिबांच्या वस्त्यांवर पहिला घाला पडला. १९५६ साली भोपाळ राजधानी झाली, तेव्हा सरकारी नोकरीसाठी नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून आलेली आपली बरीचशी कुटुंबे तात्या टोपे नगरच्या सरकारी घरांत राहिली. भेलच्या कारखान्यात लागलेली मंडळी पिपलानी आणि बरखेड्यात स्थिरावली. जुन्या शहरात राहणाऱ्या काही घरांनी फार सोसले. परंतु आमच्यासारखे पुष्कळजण त्या रात्री तलावाच्या अलीकडे होते आणि म्हणूनच वाचले. यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते.

त्यानंतर आम्ही काय केले? त्या काळी घराघरांत बॅटरी आणि ट्रान्झिस्टर असे आणि त्यांत घालावयाचे एव्हरेडीचे सेल त्याच कंपनीच्या भारतीय शाखेचे असत. आम्ही ते सेल घेणे सोडले. दुकानदाराने पुढे केलेला सेल आम्ही बाजूला सारीत असू आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात कारणही सांगत असू. आमच्या मातोश्री त्या वेळी हयात होत्या. एकदा त्या म्हणाल्या, “सेल घेतला नाहीस, बरेच केलेस. पण हमीदियात डबा कोण नेऊन देतो?” हमीदिया रुग्णालय गॅसपीडितांनी भरून गेले होते. आम्ही डबा नेत नव्हतो. सेल न घेण्यास पैसे पडत नव्हते, वेळ जात नव्हता, छोल्यापर्यंत चालावेही लागत नव्हते. एवढ्या स्वस्तात आम्ही स्वतःस न्यायाच्या बाजूचे मानू लागलो होतो.

त्या व्रताचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९९४ साली अमेरिकन कंपनीने भारतीय शाखेतील आपले ५०.९ टक्के भाग कलकत्त्याच्या एका कंपनीस विकले. नाव बदलले, मालक बदलला. आज त्या सेलांवर त्या रात्रीचा दोष ठेवणे अन्यायाचे होईल. आमच्या कपाटात ते सेल पुन्हा आले. व्रत आम्ही घेतले आणि त्याचे उद्यापन मात्र शेअरबाजाराने केले! छोल्यातील माणसाच्या छातीतील धाप तशीच होती. आमची जबाबदारी मात्र संपल्यासारखी झाली.

आता कोणी म्हणेल की, लोकांनी त्या कंपनीचा माल आधीच घेतला नसता, तर हे टळले असते. हे ऐकावयास ठीक वाटते, परंतु इतिहास वेगळे सांगतो. हा कारखाना १९६९ साली सुरू झाला आणि १९८० पासून तो विषारी पदार्थ येथेच तयार होऊ लागला. त्यापासून होणारे ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक कापसावर आणि इतर पिकांवर फवारीत. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी त्याला अपेक्षेइतके गिऱ्हाईक मिळेना. शेतकरी घेईनात, कारखाना तोट्यात जाऊ लागला. तेव्हा मालकांनी काटकसर आरंभिली. माणसे कमी केली. टाकी थंड ठेवणारे शीतयंत्र बंद करून ठेवले. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा त्या रात्री नादुरुस्त होता. माल न खपल्याचा तोटा कोणाच्या जिवावर भरून काढला गेला, हे आपण जाणतोच. घेणाऱ्याने हात आखडला, म्हणून कारखाना आपोआप सज्जन होत नाही. त्याच्यावर तपासनीस लागतो, कायदा लागतो आणि जागे लोक लागतात. पर्यावरण संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला आणि कारखान्यांच्या कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली. दोन्ही गोष्टी माणसे मेल्यावर झाल्या.

आणि जागे करणारे कोणी नव्हते, असेही नाही. भोपाळचेच पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ साली आपल्या ‘रपट’ साप्ताहिकातून ह्या कारखान्याच्या धोक्याविषयी एकामागून एक इशारे छापले. ते साप्ताहिक आम्ही कधी विकत घेतले नाही. काय घेऊ नये, याचा विचार आपण पुष्कळ करतो. काय घ्यावयास हवे होते आणि वाचून कोणाला जाब विचारावयास हवा होता, याचा विचार मागाहून सुचतो.

आता कंपनीकडे वळू. शुद्ध मन विकत घेण्याचा मोह केवळ आपणांसारख्या लहान गिऱ्हाइकांनाच होतो असे नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुसंख्य जखमी माणसांच्या हाती प्रथम २५,००० रुपये पडले आणि २००४ नंतर आणखी तितकेच. जन्मभराच्या आजाराचा तो मोबदला! ही रक्कम वाढवून मिळावी म्हणून भारत सरकारने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळला. वर ज्या भागविक्रीचा उल्लेख केला, ते भाग भोपाळच्या न्यायालयाने १९९२ साली जप्त केले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ते विकले गेले आणि त्या पैशांतून करोंद भागात ३५० खाटांचे भोपाळ मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. २००० सालापासून तेथे रुग्ण जाऊ लागले.

ह्या रुग्णालयाविषयी आम्ही जपून बोलतो, कारण तेथे खरी माणसे बरी होतात. पैसा कोठूनही आला, तरी औषध हे औषधच असते. परंतु रुग्णालय बांधले म्हणजे फौजदारी खटल्यास उत्तर दिल्यासारखे होत नाही, आणि ती कंपनी येथील न्यायालयापुढे उभी राहिली नाही ती नाहीच. पुढे २००१ साली डाऊ केमिकल ह्या कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली आणि भोपाळचे देणे आपल्याकडे येत नाही, अशी भूमिका घेतली. खरेदीत मालमत्ता मिळते, देणे मागेच राहते, असा हा व्यवहार! आपल्या घरी शेत घेतले तर बांधावरचे भांडणही वाट्यास येते. आपल्या आजोबांना हे कळत होते.

कारखान्याच्या आवारात साठलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला नेला गेला आणि त्याच वर्षीच्या जूनअखेर तो जाळून झाला. भोपाळच्या छातीवरून एक ओझे उतरले, असे आम्हांलाही वाटले. परंतु तो नेला तेव्हा पीथमपूरचे लोक रस्त्यावर आले होते. आपल्या अंगणातील कचरा दुसऱ्याच्या दारी गेला म्हणजे अंगण स्वच्छ होते. मन स्वच्छ होते की काय, हे आपले आपण ठरवावे. कारखान्याभोवतीच्या जमिनीतील आणि पाण्यातील विष तर त्या गाड्यांबरोबर गेलेच नाही.

ही गोष्ट भोपाळपुरती नाही आणि नवीही नाही. १७९१ साली इंग्लंडात गुलामांच्या घामातून निघालेली वेस्ट इंडीजची साखर खाणे हजारो कुटुंबांनी सोडले. त्या चळवळीविषयी आम्हांला आदर आहे. तिने एका देशाच्या जेवणाच्या टेबलावर प्रश्न उभा केला. पुढे ‘हिंदुस्थानची साखर, गुलामांनी न केलेली’ अशा अर्थाची अक्षरे असलेली साखरदाणी विकली जाऊ लागली. पाहुण्यांपुढे ती ठेवली की यजमानाचे पुण्य दिसे. गंमत अशी की, त्याच कंपनी सरकारच्या हिंदुस्थानात गुलामगिरीस कायद्याने आधार होता आणि तो १८४३ साली काढला गेला. इंग्लंडच्या वसाहतींतील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपली, तेव्हा सरकारने २ कोटी पौंडांची भरपाई दिली. कोणास? गुलामांच्या मालकांस! ज्यांनी सोसले त्यांना छदामही मिळाला नाही. साखरदाणी सुंदर होती, पण तिने एवढा मोठा प्रश्न झाकून टाकला.

मग वस्तूचा त्याग व्यर्थ आहे काय? तसे म्हणावे, तर आपल्याच पूर्वजांचा अपमान होईल. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी १८७२ साली स्वदेशी वस्तूच वापरण्याची शपथ घेतली आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते अंगावर खादी घालून गेले. राजेरजवाड्यांच्या त्या झगमगाटात जाडेभरडे कापड घालून बसणे सोपे नव्हते. शिवाय त्यांचे कापड एकटे नव्हते. त्याच्यामागे सभा होती, रयतेची गाऱ्हाणी होती, अर्ज होते. कापड हे त्या कामाचे निशाण होते. काम सोडून नुसते निशाण मिरवावे, असे काकांना कधी वाटले नाही.

तसेच १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. ती एका संध्याकाळी पेटली आणि विझली. परंतु त्याच काळात अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून माणशी एकेक पैसा गोळा करीत होते. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला आणि तेथे माणसे धंदा शिकली. होळीस एक काडी पुरते. कारखान्यास वर्षानुवर्षे हिंडावे लागते. आमच्या पिढीने होळीचा वारसा आवडीने घेतला आणि हिंडण्याचा विसरून गेलो, असे आम्हांला खेदाने म्हणावे लागते.

भोपाळात मात्र हिंडणारी माणसे निघाली आणि ती बहुतेक गॅसपीडितांतूनच निघाली. अब्दुल जब्बार यांनी गॅसपीडित स्त्रियांची संघटना बांधली. वर्षानुवर्षे दर शनिवारी शाहजहानी पार्कात त्यांच्या सभा भरत. त्यांचा आग्रह असा की, आम्हांला खैरात नको, हातांना काम हवे. त्यांच्या स्वाभिमान केंद्रात स्त्रिया शिवणकाम आणि जरीकाम शिकल्या. जब्बार २०१९ साली वारले आणि २०२० साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला ह्या दोघी सरकारने गॅसपीडित स्त्रियांसाठी उघडलेल्या स्टेशनरीच्या कामावर होत्या. योग्य वेतनासाठी त्यांनी संघ काढला आणि १९८९ साली इतर स्त्रियांसह त्या भोपाळहून दिल्लीस पायी गेल्या. २००४ साली त्यांना गोल्डमन हा पर्यावरणाचा जागतिक पुरस्कार मिळाला. ती रक्कम त्यांनी घरी नेली नाही. त्यातून चिंगारी न्यास उभा राहिला आणि गॅसपीडितांच्या घरी जन्मलेल्या अपंग मुलांवर तेथे उपचार होऊ लागले. आपणही न्यास चालवितो. आपल्या न्यासात शिलकीतून दान येते. त्यांच्या न्यासात ज्यांचे येणे बाकी आहे, त्यांनीच दान केले. हा फरक आपण नम्रपणे ध्यानात ठेवावा.

ह्या स्त्रियांनी आम्हांस एक साधी गोष्ट शिकविली. किंमत, दान आणि देणे ही तीन वेगळी खाती आहेत. केलेल्या कामाचा मोबदला ती किंमत. ती पूर्ण दिली, तर आपण फक्त चोरी केली नाही एवढेच सिद्ध होते. आपल्या शिलकीतून, परतीची अपेक्षा न ठेवता देतो ते दान. आणि ज्याचे नुकसान झाले त्याला न्यायाने मिळावयाचे ते देणे. एका खात्याचा भरणा दुसऱ्या खात्यात दाखविला की गोंधळ होतो. कंपनीने देण्याच्या जागी दान दाखविले. आम्ही किमतीच्या जागी दान दाखवावयास निघालो होतो. रकमेत जमीनअस्मानाचे अंतर असेल, पण लबाडीची जात एकच. आपल्यातील एखादा गृहस्थ चौकातल्या दुकानात भोपाळी बटव्याचे दहा रुपये घासून कमी करतो आणि संध्याकाळी आपल्या न्यासास शंभर रुपये देऊन नाव पुकारून घेतो. आवळा देऊन कोहळा काढावा तसा हा प्रकार आहे. त्याला आम्ही हसत नाही, कारण तो गृहस्थ कित्येकदा आम्हीच असतो.

तेव्हा यापुढे एखादी वस्तू ‘चांगल्या कामासाठी’ म्हणून घेताना किंवा निषेध म्हणून सोडताना आपण स्वतःस तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. पहिला प्रश्न, हे करून मी सोसणाऱ्या माणसाच्या जवळ गेलो, की घरबसल्या त्याच्यापासून सुटलो? दुसरा, मी एकटा करतो आहे, की चारजणांना घेऊन काही मागणी करतो आहे? आणि तिसरा, ह्याने माझे समाधान झाल्यावर मी पुढचे पाऊल टाकणार आहे, की येथेच थांबणार? तुकोबांनीही धन जोडण्याची रीत आधी पाहिली आणि मग ते कसे वेचावे ते सांगितले. चांगली खरेदी म्हणजे पहिली पायरी. तिच्यावरच आसन मांडून बसणे बरे नव्हे.

कोणी असे समजू नये की, मन शुद्ध होत नसेल तर घासाघीस करून स्वस्तातलेच घ्यावे. तसे मुळीच नाही. पिशवी त्यांच्याकडूनच घ्यावी, पुन्हा घ्यावी, पूर्ण भावाने घ्यावी. फक्त पिशवीबरोबर पुण्याची पावती मागू नये. सद्सद्विवेक ही उपासाची गोष्ट नाही, जी एकदा सोडली की संपली. तो रोजच्या भुकेसारखा आहे. तो रोज जागा होतो आणि रोज काही मागतो.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही विश्वस्त मंडळींपुढे दोन प्रार्थना ठेवतो. पहिली, आमच्याच चुकीच्या सूचनेवरून ‘गॅसपीडित साहाय्य’ खाती पडलेली ती नगामागील बारा रुपयांची रक्कम तेथून काढून ‘पिशव्यांची किंमत’ ह्या खाती घालावी. साहाय्याचे खाते त्यामुळे रिकामे दिसेल. दिसू द्यावे. रिकामे खाते पाहूनच ते भरण्याची बुद्धी होते. दुसरी प्रार्थना अशी की, ह्या वर्षापासून आपल्यापैकी काहींनी पाळीपाळीने, महिन्यातून एकदा तरी, तलावापलीकडच्या वस्त्यांत जावे. काही वाटण्यासाठी नव्हे, तर विचारण्यासाठी. कोणाचा कागद कोठे अडला आहे, कोणाला दवाखान्यात सोबत हवी आहे, कोणाच्या नळास पाणी येत नाही, हे कळले तर आपल्यातील निवृत्त कारकून, शिक्षक आणि वकील यांना पुष्कळ काम मिळेल. आपल्यापाशी पैसा थोडा आहे, पण अर्ज लिहिण्याची विद्या मुबलक आहे.

मातोश्रींनी विचारलेल्या प्रश्नास आम्ही चाळीस वर्षांत उत्तर दिले नाही. पहिली पाळी आमची लावावी. डबा आम्ही घरून घेऊन येऊ.

एवढे बोलून, आणि पाने मांडली गेल्याचे दिसत असल्यामुळे, आम्ही आपली रजा घेतो.